दोरी पाठवते आहे

भालकी,
१६ जून, रविवार

चि. ताई,

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मलाही धड काही सांगता आलं नाही, म्हणून आज सगळी कामं आवरून लिहायला बसले. तू म्हणालीस, "मावशी, पोरं बोलतच नाहीत. विचारलं की खाली बघतात. समजलं का म्हटलं की सगळी एका सुरात 'होऽय बाई', आणि वही उघडली की कोरी." औराद तालुक्यातली सरकारी मराठी शाळा, पहिली ते पाचवीचे वर्ग, शिक्षक दोन, त्यातले एक सदा कुठल्या तरी बैठकीला गेलेले. माझी एकतीस वर्षं अशाच खोल्यांत गेली. त्यामुळे तुझी खोली मला इथून दिसते.

पहिली गोष्ट, "समजलं का?" हा प्रश्न उद्यापासून बंद कर. त्याला "नाही" म्हणायला हिंमत लागते, आणि आठ वर्षांच्या पोरानं ती नव्या बाईंसमोर का दाखवावी? 'होय बाई' ही सुटकेची वाट आहे, पोरं ती पहिलीतच शिकतात. त्यापेक्षा पाट्या काढायला लाव. गणित सांग, प्रत्येकानं लिहायचं, पाटी पालथी धरायची, तू "वर" म्हटलंस की सगळ्या पाट्या एकदम वर. एका नजरेत तुला कळतं की चौदाजणांना जमलं, सहाजण हातच्यात अडकले आणि दोघांनी शेजारच्याचं बघून लिहिलं. ज्यांचं चुकलं त्यांची नावं घेऊ नकोस. चुकलेलं उत्तर फळ्यावर लिही आणि वर्गाला विचार, हे उत्तर काढणाऱ्यानं काय केलं असेल? चूक कुणाची ते बाजूला राहतं आणि सगळी पोरं शोधाला लागतात.

दुसरी गोष्ट थांबण्याची. ती मला कळायला अकरा वर्षं लागली. मी प्रश्न विचारायची, कुणी बोललं नाही की लगेच मीच उत्तर द्यायची. मला वाटायचं, वेळ वाचतो. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले तेव्हा उत्तरं लांब झाली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद, एवढंच. पण वर्गात उभं राहून तीन सेकंद गप्प बसणं फार जड जातं, करून बघ. मी मनात कन्नडमध्ये मोजायची: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मराठीत मोजलं की घाई व्हायची. कन्नड अंक मला सावकाश आठवावे लागायचे, तेवढ्यात कुठला तरी हात वर यायचा.

हात वर येणारीही नेहमीची तीन-चार पोरंच असतात. म्हणून प्रश्न टाकला की आधी प्रत्येकानं गप्प विचार करायचा, मग शेजारच्याला हळू आवाजात सांगायचं, मग वर्गाला. जे पोर चाळीसजणांसमोर तोंड उघडत नाही ते शेजारणीच्या कानात बोलतं, आणि एकदा बोलून झालं की शब्द तयार असतो. बोलायची पाळी चिठ्ठीनं लाव. एका डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या ठेव. पण चिठ्ठी जोडीचं बोलणं झाल्यावरच काढायची. आधी काढलीस तर तो डबा पोरांच्या पोटात गोळा आणेल.

आता भाषेचं. तुझी पोरं गप्प बसतात त्याचं निम्मं कारण मला इथंच वाटतं. तू उदगीरला शिकलीस, तुझं मराठी पुस्तकाच्या जवळचं. त्यांच्या घरी मराठी आहे, पण त्यात दखनी आहे, कन्नड आहे, शेजारच्या तांड्यावरची लमाणी आहे. पोरगं "काय करलालाव बाई" म्हणतं, आणि पुस्तकातलं मराठी त्याला पाहुण्यासारखं वाटतं. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमेवर आपण १९५६ पासून असेच आहोत. १ नोव्हेंबरला जुना बीदर जिल्हा वाटला गेला, उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. निजामाच्या काळात आमच्या आजोबांनी उर्दूतून शाळा केली, वडिलांनी मराठीतून, आणि आता तुझ्या पोरांना मराठीबरोबर कन्नड आलंच पाहिजे. ते आलंच पाहिजे, यात मला काही शंका नाही. कर्नाटकात जगायचं आहे त्यांना. पण पोराच्या घरच्या शब्दाला "असं नाही म्हणायचं" म्हटलं की ते पुढचे सहा महिने काहीच म्हणत नाही. भिंतीवर एक मोठा कागद लाव. एका बाजूला घरचा शब्द, मधे पुस्तकातला, पलीकडे कन्नड. शब्द पोरांनी आणायचे. तुला येत नसलेला कन्नड शब्द एखादं पोरगं आणेल. तो त्याच्याकडूनच शिक, सगळ्यांसमोर शिक.

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. आमच्या आवारातच कन्नड शाळा होती, तिथल्या शिक्षिका अक्कांच्या वर्गात मी जाऊन बसायची. त्यांच्याकडे नलि-कलि होतं. नलि म्हणजे आनंदानं बागडणं, कलि म्हणजे शिकणं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात प्राथमिक शिक्षकांनीच ते उभं केलं. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळा पाहून आले आणि आपल्या मुलांसाठी कार्डं बनवली. २००९ पासून ते राज्यभर गेलं. पहिली-दुसरी-तिसरीची मुलं एकाच खोलीत, गोल करून बसलेली. भिंतीवर शिडीचं चित्र. प्रत्येक मुलाची पायरी वेगळी, ज्यानं त्यानं आपल्या पायरीचं कार्ड घ्यायचं. एका गटाला बाई पूर्ण मदत करणार, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्यात मुलंच एकमेकांना शिकवणार, एक गट आपला आपण करणार. फळा खाली, मुलाच्या हाताशी. वर दोऱ्यांचा मांडव, त्याला मुलांची चित्रं टांगलेली.

मला त्यातली शिडी सगळ्यात पटली. आपल्याकडची किती घरं कामाला हैदराबाद, पुण्याला जातात तू बघशीलच. पोर दोन महिने गायब असतं. परत आलं की वर्ग पुढे गेलेला, आणि ते मागच्या बाकावर बसून वर्ष काढतं. शिडीवर त्याची पायरी त्याची वाट बघत असते, सोडलं तिथून पुढं. त्या अक्कांचा वर्ग मात्र चालायचा तो त्या स्वतः गटागटांत जमिनीवर बसायच्या म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी मी तीच कार्डं नीट रचून कपाटात कुलूपबंद पाहिली आहेत. तपासणीच्या दिवशी निघायची.

तेव्हा साहित्याच्या मागे फार लागू नकोस. थर्माकोल, चमकी, रंगीत कागद यात पगार घालवू नकोस. कापणं-चिकटवणं म्हणजे शिकणं नव्हे. पोराचं डोकं चाललं पाहिजे, हात त्याच्या मदतीला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची पोरं गुरं सोडून शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य. तुझ्या शाळेच्या कुंपणापलीकडे तुरीचं रान आहे. याहून जास्त काय हवं?

तुरीचा तास तुला सविस्तर सांगते. डिसेंबर होता, चौथीचा वर्ग. सकाळी येताना पोरांनी आपापल्या रानातून ओंजळभर हिरव्या शेंगा आणल्या. चौघाचौघांचे गट केले. पहिलं काम अंदाजाचं: एका शेंगेत दाणे किती असतील? पाटीवर लिहा. कुणी चार, कुणी सात. अंदाज पुसायचा नाही, ही अट. मग सोलायला बसले. तीन दाण्यांच्या शेंगांची साल एका ओळीत, चारच्या दुसऱ्या, पाचच्या तिसऱ्या. जमिनीवरच उभे खांब तयार झाले आणि चारचा खांब सगळ्यात उंच निघाला. स्तंभालेख हा शब्द मी तेव्हा सांगितला, आधी नाही.

तेवढ्यात एका गटात भांडण. अळीनं पोखरलेली एक शेंग निघाली होती, आत दाणा नाही. ती मोजायची का सोडायची? दोघं म्हणाले, सोडा, दाणाच नाही तर शेंग कसली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओंदु, एरडु, मूरु. त्या गटात एक मुलगी होती, जूनपासून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती खाली बघतच म्हणाली, "अप्पांनी ती बी पेरलीय की. मोजायची." वर्ग गप्प झाला. मग तीनच्या खांबाच्या अलीकडे तिनं स्वतः खडूनं शून्य काढलं आणि ती पोखरलेली शेंग त्यावर ठेवली. ज्यांनी अशा शेंगा गुपचूप फेकल्या होत्या ते बाहेर जाऊन वेचून आणायला लागले. शून्याचा खांब बघता बघता तीनच्या बरोबरीला आला. त्या वर्षी अळी फार होती.

माझ्या एकतीस वर्षांत शून्य इतकं चांगलं मी कधी शिकवलं नाही, आणि त्या दिवशीही ते मी शिकवलं नव्हतं. ती मुलगी दुसऱ्या दिवशीही बोलली. तिनं विचारलं, टपोऱ्या शेंगेत दाणे जास्त असतात की मोठे असतात? आम्ही पुन्हा सोलायला बसलो.

तू म्हणशील, असं करत बसले तर पोर्शन कसा पुरा होणार. रोज सगळे तास असे करूच नकोस. पाढे पाठच करायला हवेत, अक्षर गिरवायलाच हवं. दिवसात एक तास असा ठेव, पण तो ठरवून ठेव. गोंधळ होईल. बाहेरून जाणाऱ्याला वाटेल बाई वर्गात नाहीत. एक खूण ठरव, मी दोन टाळ्या वाजवायची, टाळी ऐकली की हातातलं खाली. आणि एक चूक मी केली ती तू करू नकोस. हुशार पोराला दर वेळी कच्च्या पोराजवळ बसवून मी निर्धास्त व्हायची. वर्षाच्या शेवटी एका हुशार मुलाची आई म्हणाली, "बाई, माझं पोर शाळेत काय शिकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जोड्या दर आठवड्याला बदल.

शाळा विकास व देखरेख समितीतल्या (एस.डी.एम.सी.) लोकांनाही एखाद्या दिवशी बोलाव. पोरं काय करतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की "नुसतं खेळवतात" हे बोलणं थांबतं. त्या दिवशी क्षेत्रफळ घे. चौरस फूट कुणाच्या ओळखीचा नसतो, गुंठा मात्र प्रत्येक घरात बोलला जातो. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे १०८९ चौरस फूट. मैदानात दोरीनं गुंठा आखायचा आणि त्यात पोरांना बसवायचं. मग तीच दोरी ओढून लांबट करायची, पन्नास फूट बाय सोळा. दोरी तेवढीच, पण आत ८०० चौरस फूटच जागा उरते. माझ्या वर्गात एकानं विचारलं होतं, "दोरी तीच हाय, मग जागा कुठं गेली?" मी सांगितलं नाही. दोन दिवस पोरं मैदानात दोरी ओढत होती. तिसऱ्या दिवशी एकाचे वडील येऊन उभे राहिले, त्यांनाही हे बघायचं होतं. त्यांचं रान लांबट होतं.

ती दोरी या पत्राबरोबर पिशवीत घालून पाठवते आहे. आधी कासऱ्याची होती, ती कुजली, ही नायलॉनची आहे. एकूण १३२ फूट, दर तेहतीस फुटांवर लाल धागा बांधला आहे. धागा सुटला तर पोरांकडूनच पुन्हा मोजून बांधून घे, अंदाजानं बांधू नकोस. तुरीला शेंगा धरल्या की कळव, मी सकाळच्या पहिल्या बसनं येईन.

तुझी
मावशी