वारसदाराचे नाव कशासाठी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुलुंडला राहणारा आमचा पुतण्या एका रविवारी घाटकोपरला आमच्या घरी आला. चहा झाला तरी काही बोलेना. शेवटी त्याने पिशवीतून घडी घातलेले कागद काढले आणि म्हणाला, "काका, हे जरा बघता का? यात वारसदाराचे नाव लिहायला सांगितलंय. कशासाठी?"

आम्ही उभयता एकमेकांकडे पाहतच राहिलो.

मग हळूहळू सगळे कळले. त्याचे कंत्राटी काम सुटले होते. खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले होते. ओळखीच्या एकाने सांगितले, औषधाची चाचणी आहे, तीन रात्री राहायचे, गोळी घ्यायची, वेळोवेळी रक्त द्यायचे, पैसे मिळतात. वर असेही सांगितले की, घरी बोलू नकोस आणि उद्याच सही कर, नाहीतर नंबर जाईल.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण कागद मराठीत होते आणि आम्हाला वाचता येते. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ते ओळीओळीने वाचले. अडले तिथे ओळखीच्या नर्सताईंना फोन केला.

वारसदाराचा रकाना कायद्याने आलेला आहे. २०१९ साली केंद्र सरकारने नवी औषधे आणि त्यांच्या चाचण्यांविषयी नियम केले. चाचणीमुळे कोणाचा मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी ते नाव लिहून घेतात. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्नही विचारतात. म्हणजे तो रकाना आपल्याच हक्काचा आहे. पण जिथे वारसदार विचारावा लागतो, तिथे जोखीम शून्य नसते, हेही त्यातून समजून घ्यायचे.

पुतण्याची चाचणी निरोगी माणसांवरची होती. एखाद्या कंपनीची गोळी आधीच्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे तीत पाहतात. त्यासाठी ठरावीक वेळाने रक्त काढतात. एका पानावर प्रश्न होता, "गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या अभ्यासात भाग घेतला होता का?" पुतण्याने तिथे "नाही" लिहायचे ठरवले होते. काकूने विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मागच्या महिन्यात एकीकडे जाऊन आलो."

इथे आमचा आवाज चढला, हे कबूल करतो. दोन चाचण्यांमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर ठेवतात, ते उगीच नाही. आधीच्या औषधाचा अंश शरीरात असू शकतो, गेलेले रक्त भरून यायला वेळ लागतो. शिवाय खोट्या उत्तरावर उभा राहिलेला निष्कर्ष उद्या कोणा रोग्याच्या गोळीत उतरणार. त्याने ऐकले, कागद परत केले. पैसे बुडाले. भाड्याची एक महिन्याची सोय आम्ही केली, पुढे त्याला भांडुपला काम लागले. परंतु प्रत्येकाला अशी सोय होत नाही. म्हणूनच गरजेच्या दिवशी सही करू नये, असे आम्हाला वाटते.

ही हकीकत महिला मंडळात सांगितली तेव्हा एका भगिनीने विचारले, "मग या भानगडीत पडूच नये का? माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी मधुमेहाच्या नव्या औषधासाठी विचारलंय."

नाही, तसे मुळीच नाही. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने येथील झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे २० गट पाडले. दहा गटांतील स्त्रियांची दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. गर्भाशयाच्या मुखावर साधे व्हिनेगर लावून कर्करोगाची पूर्वखूण पाहायची, आणि हाताने स्तनांची तपासणी करायची. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. कमी खर्चाची तपासणी जीव वाचवते, हे आपल्यासारख्या वस्त्यांतील स्त्रियांमुळे सिद्ध झाले. त्यांचे ऋण मोठे आहे.

पण उरलेल्या दहा गटांना आरोग्याची माहिती मिळाली, ती तपासणी नव्हे. त्यावरून पुढे टीकाही झाली. या बायकांना दुसरा मार्ग कोणता आहे, हे पुरेसे सांगितले होते काय, असे विचारले गेले. हा प्रश्न प्रत्येक सहभागी माणसाचा आहे.

कारण संशोधन आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर उपचार करतो तेव्हा तो आपल्यासाठी औषध निवडतो. संशोधनात मात्र आपण कोणत्या गटात जाणार हे पुष्कळदा चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. एकाला नवे औषध, दुसऱ्याला जुने, कधी नुसती औषध नसलेली गोळी. म्हणून त्या भगिनीला आम्ही म्हटले, सासूबाईंच्या वतीने एवढे विचारून या. त्यांना कोणती गोळी मिळू शकते? चालू औषध बंद करावे लागेल का? भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल? त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा? मधेच सोडले तर नेहमीचा उपचार चालू राहील ना? (राहिलाच पाहिजे. कोणत्याही वेळी, कारण न सांगता बाहेर पडता येते.)

आणखी दोन गोष्टी. त्या संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आहे का ते पाहावे. या समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत डॉक्टर नसलेला सामान्य माणूसही असतो. त्या समितीचा संपर्क कागदावर असावा लागतो. तसेच औषधाच्या चाचणीची देशाच्या नोंदवहीत नोंद करणे २००९ पासून बंधनकारक आहे, तो नोंदणी क्रमांक मागावा. चाचणीच्या काळात इजा झाली तर ती चाचणीमुळे नाही असे ठरेपर्यंत उपचार मोफत मिळतात. चाचणीमुळेच झाली असे ठरले तर भरपाईही मिळते. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवावे लागते. आणि सही केलेल्या कागदाची प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे.

त्या सासूबाई दोन दिवस विचार करून गेल्या, सगळे प्रश्न विचारले आणि मग सही केली. प्रत गोदरेजच्या कपाटात, रेशनकार्डाशेजारी ठेवली आहे. पुतण्यानेही परवा आपल्या एका मित्राला आमच्याकडे पाठवले. तो दारात उभा राहूनच म्हणाला, "काका, कागद आणलेत. सही अजून केलेली नाही."

आम्ही त्याला आत बोलावले. चहा ठेवला आणि चष्मा शोधू लागलो.