दिवसाचं पाणी

सौरपंपाचा अर्ज भरला तेव्हा प्रदूषण, हवामानबदल असलं काही डोक्यात नव्हतं. रात्रीची झोप हवी होती. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीनं यायची. एक आठवडा दिवसा आठ तास, तर पुढचा आठवडा रात्री दहा तास. रात्रपाळी आली की हिवाळ्यात मफलर गुंडाळून हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं. बॅटरीच्या उजेडात बारं मोडायचं, पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची, कारण उंदरांमागे साप येतात. त्यात डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला की पंधरवडा गेलाच.

आणि आमच्या शिवारातून परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात! २०१३ च्या फेब्रुवारीत हे केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद पडलं होतं. तेव्हा त्याची क्षमता ११३० मेगावॅट होती. वाफ करायला पाणी लागतं, ती वाफ पुन्हा थंड करायलाही लागतं, आणि त्या दुष्काळात ते मिळेना. जी वीज पिकाला पाणी पाजणार, तिलाच आधी पाणी पाजावं लागतं, हे मला तेव्हा नीट कळलं. सौर प्लेटांना धुण्यापुरत्या दोन-चार बादल्या पुरतात.

मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत खुल्या प्रवर्गाला किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच, बाकीचं अनुदान. माझं रान चार एकर, म्हणून पाच एचपीचा पंप मिळाला. पैसे भरल्यावर वाट पाहायला लागली, ते सोडा.

या पंपाशी जुळवून घ्यावं लागतं. सकाळी आठला पाइपातून बारीक धार येते, अकराच्या सुमारास पाइप भरून वाहतो, चारनंतर जोर ओसरतो. मधेच ढग आला की धार बसते. चुलते बांधावरून म्हणतात, “रुसली बघ तुझी मोटर!” मे महिन्यात तर ऊन कडक म्हणून पाणी जास्त, असंही नाही. प्लेट २५ अंशांच्या वर तापली की दर अंशामागे वीज साधारण ०.४ टक्क्यानं घटते, आणि आमच्या उन्हात ती साठीच्या पुढे सहज जाते. डिसेंबरातलं थंड, स्वच्छ ऊन त्यामानानं सोयीचं, आणि रब्बीला पाणी नेमकं तेव्हाच लागतं.

थर्मलची राख वाऱ्यानं उडून प्लेटांवर बसते. कोळशाची राख सूर्याची वीज अडवते, हे पाहून पहिल्यांदा हसू आलं, नंतर कंटाळा. आता भल्या पहाटे, काच गार असताना, मऊ फडक्यानं पुसून घेतो.

खरी काळजी वेगळीच आहे. बिल नाही, डिझेल नाही, म्हणून पंप दिवसभर चालू ठेवायचा मोह होतो. ऊन फुकट असलं तरी विहिरीतलं पाणी फुकट नाही. शेजारच्या दोन विहिरी यंदा आधीच्या मानानं लवकर तळाला गेल्या. दोष एकट्या सौरपंपांचा नसेल, पण वाटा नक्की आहे. मी ठिबक केलं आणि धार कमी असताना एकेका भागालाच पाणी सोडतो. सौरपंपाच्या अनुदानाबरोबर ठिबकची सक्ती हवी, हे माझं मत गावात फारसं कुणाला आवडत नाही.

एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की पंप थांबतो. सर्वांत लख्ख उन्हात प्लेटा नुसत्या तापत राहतात, कारण त्यांची वीज तारेवर चढवायची सोय माझ्याकडे नाही. २०१९ च्या कुसुम योजनेत तारेला जोडलेल्या पंपांचीही तरतूद आहे. राज्यानं २०१७ पासून गावाच्या फीडरलाच सौर प्रकल्प जोडण्याचं काम हाती घेतलं; मला तोच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तोवर ज्यांच्या शेतात प्लेटा उभ्या आहेत, त्यांची उन्हाळ्यातली वीज विकत घ्या, एवढं आमचं मागणं आहे.