दान हातून सुटल्यावर

तुकोबारायांच्या चरित्रातील कर्जखतांची गोष्ट आपल्या संप्रदायात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. लोकांकडची येणी ज्यांवर लिहिली होती ते कागद महाराजांनी इंद्रायणीत बुडवले. कीर्तनात ही गोष्ट वैराग्याचा दाखला म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यातला एक तपशील पुष्कळदा घाईत निसटून जातो. बुडवण्याआधी महाराजांनी कागदांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि पाण्यात सोडला तो फक्त आपला अर्धा. दान आपल्या वाट्यातून करावे, भावाच्या नाही, हा हिशेब इतक्या विरक्त पुरुषानेही चोख ठेवला.

हा तपशील मला गेल्या दोन वर्षांत वारंवार आठवला. आमच्या आत्या वारल्या आणि त्यांच्या ट्रंकेत मृत्युपत्र निघाले. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या, त्या धुळे तालुक्यातल्या आमच्या गावीच राहिल्या. अक्षरओळख नव्हती. हरिपाठ मात्र सगळा तोंडपाठ. पायांत बळ होते तोवर आषाढीची वारी चुकली नाही. आजोबांनी त्यांच्या नावे करून दिलेली दीड एकर जमीन, रस्त्याकडेची, त्यांनी गावातील शाळेसाठी लिहून दिली होती. खाली डाव्या हाताचा अंगठा.

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर एसटीने जायचे. मुलगे जात. मुलींची शाळा बहुधा सातवीतच थांबे. आठवी ते दहावीचे वर्ग काढायची गावकऱ्यांची इच्छा जुनी होती, जागा नव्हती. आत्या हे सर्व ओट्यावर बसून वर्षानुवर्षे ऐकत होत्या.

तलाठ्याने वारसांना नोटिसा काढल्या आणि घरात बोलणी सुरू झाली. एका चुलतभावाचे म्हणणे, जमीन द्यायची तर शाळेला आजोबांचे नाव हवे आणि संचालक मंडळावर घरचा एक माणूस कायम हवा. धाकट्याचे दुखणे निराळे होते. ती जमीन वीस वर्षे तोच कसत होता. कोरडवाहू कापूस, दोन लेकी, वर सोसायटीचे कर्ज. तो म्हणाला, "दादा, कागद आत्याचा आहे, पण घाम माझा आहे." यावर पटकन उत्तर देण्याची कोणाची छाती झाली नाही.

या दिवसांत माझे मन सारखे अमळनेरकडे जाई. धुळ्याहून अमळनेर दूर नाही. बोरी नदीच्या पात्रातली संत सखाराम महाराजांची समाधी आणि वैशाखातला रथोत्सव आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच गावचे श्रीमंत प्रताप शेठ. कापड गिरणीचे मालक. त्यांच्या द्रव्यावर 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. गावातील हायस्कूल आणि 1945 चे महाविद्यालय यांना आजही त्यांचे नाव आहे. शेठजींनी हे दान जिवंतपणी केले, मृत्युपत्राने नव्हे.

त्या तत्त्वज्ञान मंदिरात कोकणातल्या पालगडचा एक गरीब तरुण अभ्यासासाठी आला. 1924 मध्ये तो तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाला, छात्रालयातल्या मुलांची आईच्या मायेने सेवा करू लागला. तेच साने गुरुजी. 1930 मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. 1932 मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली. 'गीता प्रवचने' आज घरोघर आहे ती त्यामुळे. आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरी तनपुरे महाराजांच्या मठात याच गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले. तेव्हा विठुरायाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांना उघडले. चोखोबा ज्या दाराबाहेर राहिले, ते दार.

याचे श्रेय शेठजींच्या पैशाला द्यावे असे मी म्हणत नाही. श्रेय गुरुजींच्या तपाचे आहे. पण गिरणीचा नफा तत्त्वज्ञान मंदिराला देताना आणि शाळेच्या भिंती उभ्या राहताना त्या भिंतींच्या आत कोण येईल आणि तिथून निघून कुठवर जाईल, हे कोणाला ठाऊक होते? अट घालायची म्हटली असती तरी अशी अट कोणाला सुचली नसती.

मृत्युपत्राने दिलेले दान तर याहून अवघड. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण 1930 मध्ये वारले. आपल्या संपत्तीतून सुमारे 35 लाख रुपये त्यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला लिहून दिले होते. त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली ती 1942 मध्ये, बारा वर्षांनी. पहिला विद्यार्थी वर्गात बसला तेव्हा देणारा पाहायला नव्हता. जिवंतपणी देणाऱ्याला निदान एखादे पोर हसताना दिसते. मागे लिहून ठेवणारा तेवढेही मागत नाही.

आत्यांचे असेच होते. मृत्युपत्र करून आल्या त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी विचारले होते, शाळेला तुमचे नाव देतील का? आत्या म्हणाल्या होत्या, "मनं नाव कसाले? पोरे शिकतीन, बस." वहिनींनी हे आम्हा भावांना एकत्र बसवून सांगितले, आणि नावाची व संचालकपदाची गोष्ट तिथेच संपली. ज्या भावाने ती काढली होती, त्यानेच पहिली सही केली.

राहिला धाकट्याचा घाम. आत्यांनी दिले ते त्यांच्या वाट्याचे होते, त्यात शंका नव्हती. पण आत्यांचे पुण्य आणि भार धाकट्याच्या लेकरांवर, हे देहूच्या हिशेबात बसत नव्हते. मी नोकरीनिमित्त धुळ्यात असतो, वडिलांकडून आलेला माझा तुकडा दुसऱ्याकडे बटाईने होता. तो मी धाकट्याला कसायला दिला. थोरल्यांनी त्याच्या सोसायटीचे हप्ते आपसांत वाटून घेतले. हे सांगण्याजोगे मोठे काम नाही. ज्याने त्याने आपल्या वाट्यातून द्यावे, इतकेच त्यात होते. धाकटा त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या सकाळी मात्र जागेची मोजणी झाली तेव्हा फीत धरायला तोच उभा होता.

मागच्या वर्षी दोन खोल्या झाल्या, पत्र्याच्या. जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला. धाकट्याची थोरली लेक त्याच वर्गात आहे. तिच्या बाकावरून खिडकीतून जी जमीन दिसते, तिथे तिने लहानपणी बापाबरोबर कापूस वेचला आहे.

आपण वारकरी माळ घालतो तेव्हा देह विठोबाचा म्हणतो. मग शेत, घर, सोने यांचा मालक कोण, हे वेगळे सांगावे लागू नये. तरी ज्यांच्या गाठी थोडेफार आहे त्यांनी आपल्या पश्चात काय व्हावे ते वेळीच लिहून ठेवावे, आणि घरच्यांशी आधी बोलावे. आत्या बोलल्या असत्या तर धाकट्याची वर्षभराची झोप वाचली असती. लिहिताना शिक्षणाची आठवण ठेवावी. आणि एकदा दिले की मागे वळून पाहू नये. त्या दानाला पुढे कुठे न्यायचे, ते पांडुरंगाला कळते.

राम कृष्ण हरी.