बाहेरून मुंबई

ज्या घरातलं कुणीच मुंबईत नाही असं घर पारनेर तालुक्यात शोधून काढावं लागेल. गिरणी, गोदी, बेस्ट, पोलीस, मसजिद बंदरची माथाडी कामं. आमच्या दुष्काळी टापूत ज्वारी पावसाच्या मर्जीवर पिकायची आणि मुंबईची मनिऑर्डर महिन्याच्या महिन्याला यायची. पण मुंबई बघायला म्हणून आमच्याकडून कुणी जात नाही. जायचं ते लग्नाला, दहाव्याला, पोराच्या नोकरीसाठी कुणाला भेटायला, आणि फार वेळा टाटाला, म्हणजे कॅन्सरच्या दवाखान्यात. ‘टाटाला नेलंय’ एवढं कानावर पडलं की आमच्याकडे अख्खी आळी गप्प होते. म्हणून 2021 च्या दसऱ्यानंतर आम्ही दोघं पिशव्या भरायला लागलो, तेव्हा शेजारणीनं दबक्या आवाजात विचारलं, ‘‘कोण आजारी आहे का हो बाई?’’ कुणी नाही, मुंबई बघायला चाललोय, असं मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघत होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती, निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. किल्ल्या आणि दप्तर सोपवून घरी आले. आता दोघांचेही दोन डोस झाले होते, वरचे चौदा दिवसही उलटले होते. ह्यांना समुद्र बघायचा होता. मला काय बघायचं होतं ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

माळीवाड्याहून कल्याण रस्त्यानं जाणारी गाडी धरली. भाळवणीला गाडी थांबली तेव्हा सगळे मान वळवून एकाच बाजूला बघायला लागले. तिथल्या मंगल कार्यालयात एप्रिल-मेमध्ये अकराशे खाटांचं कोविड केंद्र चाललं होतं. जिथं अक्षता पडायच्या तिथं ऑक्सिजनची नळी लावून आमची माणसं झोपली होती, आणि त्यातली कितीतरी पायांनी चालत घरी गेली होती. पुढे टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर. मग मढच्या अलीकडे पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसायला लागलं. ह्या पाण्याचा कालवा आमच्या तालुक्यापर्यंत येतो, तेव्हा ते बघताना मन भरून येणं आमच्याकडच्या माणसाला चुकत नाही. माळशेजच्या कड्यांवर सोनकी अजून पिवळीजर्द होती. घाटात गाडीतल्या जवळजवळ प्रत्येकानं मास्क खाली ओढून वारा घेतला, आणि कंडक्टरनंही तेवढा वेळ कुणाला हटकलं नाही.

आम्ही निघालो तो मुहूर्तही चमत्कारिक होता. 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला, राज्यातली देवळं उघडली. मुंबई हळूहळू श्वास सोडत होती. आणि त्याच दिवसांत, 4 ते 13 ऑक्टोबर, आमच्या नगर जिल्ह्यातल्या 61 गावांत रुग्ण वाढले म्हणून टाळेबंदी होती; सर्वांत जास्त गावं संगमनेर तालुक्यातली, पण आमच्या पारनेरचीही त्यात होती. राज्यभरच्या बातम्यांत नगरचं नाव रोज येत होतं. दादरच्या लॉजवर नोंदवही पुढे आली. ‘कुठून आलात’ ह्या रकान्यात मी अहमदनगर लिहिलं, तेव्हा काउंटरवरच्या माणसानं मान वर केली, दोन्ही प्रमाणपत्रं पुन्हा एकदा मागून घेतली, नीट वाचली आणि मगच खोलीची किल्ली दिली. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण तो रकाना बघून माझ्या पोटात काहीतरी हललं, कारण तसाच रकाना मी स्वतः भरला होता.

2020 च्या मे महिन्यात आमच्या शाळेत मुंबईहून आलेली माणसं ठेवली होती. वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. कुणी टेम्पोत दडून, कुणी दुचाकीवर बायकोपोर घेऊन, कुणी कल्याणपासून पायी, असे लोक येत होते. गावच्याच पोटची पोरं. पण त्या उन्हाळ्यात ‘मुंबईकर’ हा शब्द गावात दार लावून उच्चारला जायचा. एरवी ह्याच मुंबईकरांनी देवळाचा कळस केला होता, यात्रेची वर्गणी भरली होती. चौदा दिवस शाळेत. घरून डबा यायचा तो फाटकापाशी ठेवायचा, आईनं मागे सरकायचं, मग लेकानं पुढे येऊन उचलायचा. शिक्षकांना नोंदीचं काम होतं. नाव, वय, कुठून आला. त्या शेवटच्या रकान्यात मी ओळीखाली ओळ मुंबई, मुंबई, मुंबई लिहीत गेले. आता त्याच मुंबईत कुणीतरी त्याच काळजीनं अहमदनगर असं वाचत होतं.

हे काही आपल्या पिढीनं पहिल्यांदा पाहिलं नाही. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. व्हिएगस यांनी ओळखला, आणि साडेआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईतून पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसं निघून गेली. गिरण्या ओस पडल्या. गावाकडे निघालेल्यांना कल्याण स्टेशनावर उतरवून तपासत, बायकांनाही, चारचौघांत. ज्या कायद्याच्या आधारानं हे चाललं तो साथरोग कायदा 1897 चा, आणि 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रानं पुन्हा हाती घेतला तोही तोच. घाटावर तेव्हा गावं उठली, लोक रानात खोपी घालून राहिले. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, ‘‘प्लेगात गाव उठलं व्हतं.’’ आमची गाडी कल्याणात शिरली तेव्हा मला हे सगळं आठवत होतं आणि ह्यांना चहा हवा होता.

मुंबईत लोकल चालू होती, पण आमच्यासाठी नव्हती. 15 ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकलची मुभा मिळाली ती मासिक पासावर. खिडकीवर साधं तिकीट मिळत नव्हतं. म्हणजे महिनाभर येणारा-जाणारा तो आपला, आणि चार दिवसांचा पाहुणा बाहेरचा. दादरच्या पुलावर उभं राहून आम्ही खालून जाणाऱ्या गाड्या बघितल्या. एरवी त्या डब्यात घुसमटून, पिशवी छातीशी धरून, उतरायचं स्टेशन हुकेल ह्या धास्तीनं मी मुंबई ओलांडली होती. ती माझ्या डोळ्यांना कधी दिसलीच नव्हती. आता बेस्टची बस आणि स्वतःचे पाय एवढंच उरलं, आणि मुंबई पावलापावलानं दिसायला लागली.

पहाटे फूलबाजारात गेलो. सेनापती बापट मार्गावर, स्टेशनाच्या भिंतीला लागून. दसरा होऊन गेल्यामुळे झेंडूचे ढीग उतरले होते, पण शेवंती होती, पांढरी आणि पिवळी, टोपल्यांच्या टोपल्या. मी सहज विचारलं, कुठली? ‘‘नगरची. अकोळनेरची.’’ मला त्या बाईचा हात धरावासा वाटला. देवळं बंद होती तेव्हा आमच्याकडे फुललेल्या शेवंतीवर लोकांनी नांगर फिरवला होता. तोडायची मजुरीही निघत नव्हती. दादरला देवाचं दार उघडतं तेव्हा अकोळनेरच्या रानात पैसा येतो, हे मला ठाऊक होतं, पण ते असं डोळ्यांपुढे, ओल्या गोणपाटावर मांडलेलं कधी बघितलं नव्हतं. आणि तो रस्ता तरी कुणाच्या नावाचा? सेनापती बापट आमच्या पारनेरचे, 1880 साली जन्मलेले. मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी लढले, तुरुंगात गेले, हातात झाडू घेऊन रस्ते झाडले, आणि 1967 मध्ये ह्याच मुंबईत गेले. दादरचे लोक घाईत ‘एसबी मार्ग’ म्हणून मोकळे होतात. मी तिथून चालताना नाव पूर्ण उच्चारलं.

राणीच्या बागेचं फाटक बंद होतं. ती नोव्हेंबरात उघडायची होती. पेंग्विन बघायचे राहिले म्हणून ह्यांना वाईट वाटलं. मला तितकंसं नाही. मला परळला जायचं होतं. टाटाच्या आणि केईएमच्या आसपास, जिथं आमची माणसं पदपथावर चटई टाकून रात्री काढतात, तिथंच हाफकिन संस्था आहे. पूर्वी मी इतक्यांदा तिथून गेले, पण औषधाच्या चिठ्ठीतून मान वर केली नव्हती. ही वास्तू एके काळी गव्हर्नरचा बंगला होती. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथं पटकीनं वारली, आणि गव्हर्नरनं परळ सोडून मलबार हिल गाठली. पुढे वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा ह्या बंगल्यात आली. साथीच्या भीतीनं राज्यकर्त्यानं सोडलेलं घर, आणि साथीशी झुंजायला तिथंच येऊन बसलेला शास्त्रज्ञ! मी फाटकाबाहेर बराच वेळ उभी राहिले. आत जाता येत नव्हतं आणि त्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या दंडात तेव्हा दोन डोस होते, आणि ते घ्यायला मी नगरच्या उन्हात रांगेत उभी राहिले होते. ती रांग इथून सुरू झाली होती.

एकदा हे लक्षात आलं, की मग शहरभर तेच दिसायला लागलं. प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले. दादर-माटुंग्याच्या झाडांच्या ओळी, हिंदू कॉलनी, पाच उद्यानं, हे त्याच आखणीतलं. त्यापायी गरिबांची घरंही पाडली गेली, हेही विसरून चालत नाही. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. मास्कच्या कडेनं खारा वारा आत आला. सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसं आपल्यासारखीच घाबरली होती आणि घाबरतच त्यांनी हा वारा शहरात आणला होता, हे मला त्या बसमध्ये कळलं. आपल्या साथीनं मागे काय ठेवलं असेल, असं मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘रांगेचे पांढरे गोल.’’ दुकानांपुढच्या डांबरावर ते अजून पुसट दिसत होते.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. हॉटेलं दहाला बंद, अर्धी टेबलं उलटी. मास्क नसला तर दोनशे रुपये दंड. तरी कठड्यावर माणसं होतीच, एकेका जोडप्यामध्ये थोडं अंतर सोडून. ह्यांनी मनसोक्त समुद्र बघितला.

काळाचौकीच्या मावशीकडे जायचं की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. मुंबईत येऊन मावशीकडे न उतरणं हेच आमच्या नात्यात न शोभणारं. पण तिला दमा, वय ऐंशीच्या पुढचं, आणि आम्ही नगरहून आलेले. तिच्या सुनेनं फोनवर ‘या की’ म्हटलं, पण त्या ‘की’च्या आधी ती क्षणभर थांबली होती. मी सांगितलं, आम्ही आत येत नाही, गॅलरीत बसतो. तशी चाळीच्या लांब गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. मावशी उंबऱ्याच्या आत पाटावर बसली, आम्ही बाहेर. पहिल्या उन्हाळ्यात ही चाळही बांबू बांधून बंद केली होती. कोण गेलं, कोण वाचलं, हे मावशी घरांचे नंबर घेत सांगत राहिली.

मग म्हणाली, ‘‘आपला धाकटा तुझ्या शाळंत होता बाय. चौथीच्या वर्गात निजायचा.’’

‘‘ठाऊक आहे मावशी. मीच नाव लिहिलं होतं.’’

‘‘तू लांबून का होईना रोज इचारून जायची, म्हणला. तेवढ्यानं बरं वाटायचं त्याला.’’

त्या चौदा दिवसांत ह्या पोरांनी काय केलं ते मी तिला सांगितलं. गळका नळ दुरुस्त केला. कुंपणाची तार ओढून घेतली. उन्हानं माना टाकलेल्या कडुलिंबाच्या रोपांना सांडपाणी घातलं, आणि ती सगळी जगली. गावानं त्यांना वेशीत अडवलं होतं आणि त्यांनी गावचीच शाळा नीट केली होती. ह्याबद्दल गावानं त्यांना कधी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं मला फार वाटतं. आणि तेच मी उंबऱ्याबाहेर बसून मावशीला म्हटलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘‘भ्यालेलं माणूस वंगाळ नसतं गं.’’ सुनेनं चहा आणला. कागदी कप होते. आम्ही वळून, समुद्राकडच्या बाजूला तोंड करून, मास्क खाली घेऊन प्यायलो.

ऑक्टोबर सरता सरता लोकलचं साधं तिकीट मिळायला लागलं आणि तिकडे एसटीचा संप सुरू झाला. तरी दिवाळीत धाकटा आलाच, मोटारसायकलवर, माळशेजमार्गे, बायको आणि पोराला घेऊन. वेशीवर काही नव्हतं. पाडव्याला तो मुलाला शाळा दाखवायला घेऊन गेला, मीही गेले. चौथीच्या वर्गाला कुलूप होतं, धाकट्या वर्गांची शाळा अजून भरत नव्हती. खिडकीच्या गजांतून आत बोट करून त्यानं सांगितलं, ‘‘बघ, इथं मी चौदा दिवस होतो.’’

पोरगं टाचा उंचावून आत बघत होतं. त्यानं विचारलं, ‘‘कितवीत?’’