किचनरचे मो नॉर्मन

कॅनडातील टोरांटोच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटरवर किचनर हे शहर वसले आहे. जर्मन भाषक वसाहतकारांमुळे १९१६ पर्यंत त्याचे नाव बर्लिन होते. शहराबाहेरच्या गावांत शस्त्र न धरणारे, साधी राहणी पाळणारे मेनोनाइट पंथीय आजही घोडागाडीतून ये-जा करताना दिसतात. गोल्फ म्हटले की श्रीमंतांचे खासगी क्लब डोळ्यांपुढे येतात. परंतु येथील रॉकवे हे गोल्फ मैदान नगरपालिकेचे, सर्वांसाठी खुले. १९२९ साली कामगार कुटुंबात जन्मलेले मो नॉर्मन याच मैदानावर घडले.

त्यांना प्रथमच पाहणाऱ्यास हसू आवरत नसे. विजोड कपडे, उन्हाळ्यातही गळाबंद स्वेटर, घाईघाईने दोन-दोनदा उच्चारलेले वाक्य. पाय फाकलेले, हात पुढे ताठ आणि काठीचे टोक चेंडूच्या बरेच मागे टेकवलेले. मात्र फटका बसताच हसू मावळे. चेंडू नळातून जावा तसा सरळ जाई. पुढचा त्याच मार्गाने आणि त्याच्या पुढचाही. म्हणूनच त्यांना ‘पाइपलाइन मो’ हे नाव पडले.

यात चमत्कार नव्हता. बहुतेक खेळाडूंची काठी आरंभी हातांशी कोन करते आणि चेंडूला भिडताना ती रेषा बदलते. नॉर्मन यांचे हात व काठी पहिल्यापासूनच जवळजवळ एका रेषेत असत. त्यामुळे चुकीला वाव कमी उरे. त्यामागे हातांना घट्टे पाडणारा, रोज शेकडो फटक्यांचा सराव होता.

१९५५ आणि १९५६ मध्ये ते कॅनडाचे हौशी विजेते ठरले. १९५६ च्या मास्टर्स स्पर्धेत अतिसरावाने हात दुखावल्याने त्यांनी माघार घेतली. पुढे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांत त्यांच्या पेहरावाबद्दल व मैदानावरील गमतींबद्दल समज देण्यात आली. हा लाजाळू माणूस दुखावून मायदेशी परतला. कॅनडाची व्यावसायिक अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी १९६६ आणि १९७४ मध्ये जिंकली; जगाच्या मोठ्या रंगमंचाला मात्र ते मुकले.

त्यांच्या साधेपणाला अपरिग्रह म्हणण्याचा मोह होतो; पण ते स्वेच्छेने घेतलेले व्रत नव्हते. त्यात दारिद्र्य होते, एकाकीपणा होता. अखेर १९९५ मध्ये चेंडू बनवणाऱ्या टायटलिस्ट कंपनीने त्यांना आजन्म दरमहा ५,००० डॉलर देऊ केले. त्याच वर्षी देशाच्या गोल्फ सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. तेव्हा त्यांचे वय ६५ च्या पुढे गेले होते. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतःच्या फटक्यावर पूर्ण स्वामित्व असणारे खेळाडू दोनच, बेन होगन आणि मो नॉर्मन, असे मत पुढे टायगर वुड्स यांनी नोंदवले.

प्रत्येक समाजात असा एखादा विक्षिप्त गुणी असतो. त्याच्या वेषावर खिळलेली नजर त्याच्या साधनेपर्यंत वेळीच पोहोचली, तर त्याचे निम्मे आयुष्य उपेक्षेत जाणार नाही.