दिंडीच्या ट्रॉलीतील दूरदर्शन

अर्धापूरच्या शिवारात ट्रॅक्टरची ट्रॉली वर्षाचे बहुतेक महिने केळीचे घड, ऊस आणि शेणखत वाहण्यात गुंतलेली असते. परंतु ज्येष्ठ सरत आला म्हणजे ती पाण्याने स्वच्छ धुतली जाते, तिच्या फाळक्यांवर लोखंडी कमानी चढतात, कमानींवर दुहेरी ताडपत्री ताणून बांधली जाते, तळाशी पेंढा आणि त्यावर सतरंज्या अंथरल्या जातात, आणि जे वाहन कालपर्यंत मालाचे होते ते पंढरीच्या वाटेवर माणसांचे घर होते. आमच्या दिंडीत चालणारे चालतात. ट्रॉली असते ती शिधासामग्रीसाठी, आणि ज्यांचे गुडघे त्यांच्या मनाला साथ देत नाहीत अशा वृद्धांसाठी. माझी आई त्या वृद्धांपैकी एक. वैद्यांनी चालण्यास मनाई केली तरी वारी सोडण्यास ती राजी नव्हती; आषाढीच्या दर्शनबारीत तासन्‌तास तिष्ठणे मात्र तिच्या आवाक्याबाहेर गेले होते. एकादशीच्या पहाटे विठ्ठलाची जी शासकीय महापूजा होते ती सह्याद्री वाहिनीवरून त्याच क्षणी दाखविली जाते. ती पूजा आईला आणि तिच्या बरोबरच्या वृद्धांना चंद्रभागेच्या काठी, आपल्याच ट्रॉलीत बसून पाहता यावी, एवढ्यासाठी मी दूरदर्शनसंच नेण्याची तजवीज करावयाचे ठरविले.

पहिली हरकत घरातूनच आली. "देवाच्या वाटेवर हे यंत्र कामून नेतूस बापू?" असे आईने विचारले, आणि त्या प्रश्नात रोष नव्हता तरी काळजी होती. दिंडीप्रमुख महाराजांची हरकत अधिक स्पष्ट होती. ज्या वाटेवर माणूस घरदार आणि करमणूक मागे टाकून निघतो, त्या वाटेवर करमणुकीचे साधन उशाशी घेऊन चालणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांचे म्हणणे मला आजही योग्य वाटते. त्यांनी मंजुरी दिली ती शर्तींवर: हरिपाठ, कीर्तन आणि भजन यांच्या वेळी संच झाकलेला असावा, एरवी बातम्या, पावसाचे वर्तमान आणि महापूजा यांखेरीज त्यावर काही लागू नये. या शर्तींनी माझे काम सोपेच केले. कारण संच दिवसातून किती वेळ चालणार हे एकदा ठरले म्हणजे त्याला लागणाऱ्या विजेचा हिशेब मांडता येतो, आणि फिरत्या घरात आधी वीज ठरवावी लागते, संच नंतर. दुकानात जाऊन डोळ्यांना भरेल तो संच घ्यावा आणि मग त्याच्यासाठी वीज शोधीत हिंडावे, हा उलटा क्रम मी अनेकांना अनुसरताना पाहिला आहे.

बॅटरीवर चालणारे दूरदर्शन आमच्या पिढीला नवे नाही. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग देशात झाला, त्यात मराठवाड्याला लागून असलेल्या कर्नाटकातील गुलबर्ग्याच्या बाजूची खेडी होती, आणि जेथे वीज पोहोचली नव्हती अशा काही ठिकाणी संच बॅटरीवर चालविले गेले होते. पुढे १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा ऐन वेळी वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून देवळाच्या पारावर आणणारे तरुण गावोगाव होते. त्या काळचे लहान कृष्णधवल संच बारा व्होल्टवर थेट चालत. पाठीमागे त्यासाठी निराळे छिद्र असे. रंगीत चित्रनळीचे संच आले तेव्हा ही सोय बहुतेक नाहीशी झाली, कारण त्यांची भूक मोठी होती. आता एलईडीच्या पडद्याने ती भूक पुन्हा कमी केली आहे, आणि म्हणूनच ट्रॉलीत दूरदर्शनाचा विचार करणे शक्य झाले.

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविण्यात माझी हयात गेली असल्यामुळे संचाच्या पाठीवरील बारीक अक्षरे वाचल्याखेरीज मी नांदेडच्या एकाही दुकानातून बाहेर पडलो नाही. बत्तीस इंची संच आता सर्वत्र मिळतात आणि विक्रेतेही तेच पुढे करतात. परंतु त्यांतील बहुतेकांत घरगुती दोनशे तीस व्होल्टची योजना आतच बसविलेली असते. चोवीस इंचांच्या कित्येक संचांना मात्र बाहेरून अडॅप्टर लागतो, आणि तो अडॅप्टर बारा व्होल्टचा असेल तर संच बॅटरीवर चालण्याची वाट मोकळी होते. ट्रॉलीत बसणाऱ्यापासून पडदा सहा-सात फुटांवर असतो. तेवढ्या अंतराला चोवीस इंच पुरे होतात. याहून महत्त्वाची गोष्ट कोनाची. घरात आपण पडद्यासमोर बसतो, ट्रॉलीत कोणी फाळक्याला टेकून बाजूने पाहतो, कोणी आडवे पडून खालून पाहतो. स्वस्त पडद्यांवर अशा कोनातून चेहरे काळवंडतात. यास्तव मी दुकानदाराला संच लावावयास सांगून स्वतः जमिनीवर बसलो, दोन्ही बाजूंना सरकलो, आणि जो आयपीएस जातीचा पडदा खालूनही स्पष्ट राहिला तोच पसंत केला. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी घ्यावयाच्या संचाची परीक्षा म्हाताऱ्यांच्या बैठकीवरूनच व्हावयास हवी.

आता विजेचा जमाखर्च. या संचाला सुमारे चोवीस वॅट आणि डीडी फ्री डिशच्या पेटीला सुमारे दहा वॅट, म्हणजे मिळून चौतीस वॅट लागतात. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे घरोघर इन्व्हर्टर आले, त्यामुळे ट्रॉलीतही इन्व्हर्टरच बसवावा असा सल्ला प्रत्येकाने दिला. तो मी मानला नाही. इन्व्हर्टर बॅटरीच्या बारा व्होल्टचे दोनशे तीस करतो, आणि संचाचा अडॅप्टर त्या दोनशे तिसांचे पुन्हा बारा करतो. या जाण्यायेण्यात विजेचा मोठा हिस्सा केवळ उष्णता होऊन वाया जातो, शिवाय घरगुती इन्व्हर्टर काही न चालविता नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॅट स्वतःच खातो. तथापि संच सरळ बॅटरीला जोडणेही हितावह नाही. बॅटरी चार्ज होत असताना तिचे व्होल्ट चौदाच्या वर चढतात आणि ती उतरत आली म्हणजे बारांच्या खाली येतात. म्हणून मधे असा एक लहान कन्व्हर्टर घालावा लागतो की जो आत काहीही आले तरी बाहेर स्थिर बाराच देतो. तारेविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वायरमनदेखील तिकडे दुर्लक्ष करतात. दोनशे तीस व्होल्टवर अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. बारा व्होल्टवर तो ध्यानात येतो. जाऊन-येऊन दहा मीटर लांबीच्या एक चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत साडेतीन अँपिअर प्रवाहाला अर्ध्या व्होल्टहून अधिक घट येते, तर चार चौरस मिलिमीटरच्या तारेत ती दोन दशांशांच्याही आत राहते. मी जाड तार घेतली, आणि बॅटरीच्या अगदी जवळ पंधरा अँपिअरचा फ्यूज बसविला. कारण ज्या ट्रॉलीत पेंढा, ताडपत्री आणि स्वयंपाकाचा सिलिंडर एकत्र असतात तेथे तारेची एक ठिणगीही परवडणारी नसते.

बॅटरी ट्रॅक्टरचीच वापरावी असा चालकाचा आग्रह होता. ती मी घेतली नाही, याचे कारण तिच्या स्वभावात आहे. ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर प्रचंड प्रवाह देऊन इंजिन उठविण्यासाठी घडविलेली असते. तिला रात्रभर थोडेथोडे शोषून पूर्ण उतरविले तर ती लवकर निकामी होते, आणि पहाटे ट्रॅक्टर सुरू न झाला तर पुढच्या मुक्कामी चालत गेलेल्या माणसांना स्वयंपाक वेळेवर मिळत नाही. निराळी, शंभर अँपिअर-तासांची, पाणी न लागणारी बंद बॅटरी घेतली आणि ती हवा खेळणाऱ्या पेटीत ट्रॉलीच्या बाहेरच्या अंगास बांधली. तिच्यात कागदावर बाराशे वॅट-तास असतात. शिशाच्या बॅटरीतील अर्धेच वापरावेत, म्हणजे हाती सहाशे उरतात. संच दोन तास चालला तर कन्व्हर्टरची तूट धरून ऐंशी वॅट-तास, रात्रीच्या तीन लहान दिव्यांना साठ. एवढाच खर्च असता तर चिंता नव्हती. परंतु मोबाईल! एक मोबाईल पूर्ण चार्ज करावयास सुमारे वीस वॅट-तास लागतात, आणि मुक्कामाला पंधरा मोबाईल तारेला लटकले म्हणजे एकट्या त्यांचाच खर्च तीनशेवर जातो. वारीत दूरदर्शन नेणे ही चैन आहे असे जे म्हणतात त्यांनी हे आकडे पाहावेत: विजेचा खरा भक्षक खिशात असतो.

जमेच्या बाजूला पहिला भरवसा ट्रॅक्टरच्या डायनामोवर होता; इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आणि ते थांबताच त्यांना विलग करणारा रिले त्यासाठी बसविला. दुसरी जमा मुक्कामाच्या शाळेत अगर देवळात मिळणाऱ्या वीजजोडणीची. शंभर वॅटची सोलर प्लेटही टपावर होती. उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी ती चार-साडेचारशे वॅट-तास देते, परंतु आषाढाच्या ढगांखाली तिच्याकडून त्याच्या चौथाईपेक्षा फारशी अधिक अपेक्षा करता येत नाही. पाऊस हवा म्हणून विठ्ठलाला साकडे घालावयाचे आणि त्याच पावसाने प्लेट झाकावी, हे शेतकऱ्याने आनंदाने कबूल करावे, मी केले.

नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, अशी आमची वाट. लातूरपासून पुढचा प्रदेश म्हणजे जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा. ती अरुंद रुळांची गाडी १९०६ साली पंढरपुरास आणि १९११ साली लातुरास पोहोचली, आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील ज्यांना पायी चालवत नसे ते तिच्यातूनच पंढरीस जात. अशक्तांना देवापर्यंत नेण्यासाठी यंत्राचे साह्य घेण्याची रीत या वाटेवर शतकाहून जुनी आहे, हे मी महाराजांना लातूरच्या मुक्कामी सांगितले, आणि ते बराच वेळ विचारात पडले.

रोज मुक्काम बदलला म्हणजे रोज डिशची छत्री नव्याने लावावी लागते. फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशी स्थिर असतो. अर्धापुराहून तो उत्तरेपासून उजवीकडे मोजता सुमारे १३९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेस, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच असतो. पंढरपुरास उंचीत जवळजवळ फरक पडत नाही, पण दिशा सहा अंशांनी पूर्वेकडे सरकून १३३ वर येते. छत्रीचे तोंड पाहून तिची खरी रोखाची रेषा कळत नाही, कारण या छत्र्यांची घडणच अशी असते की त्या आकाशाकडे रोखलेल्या असूनही बऱ्याच उभ्या भासतात; म्हणून नवख्या माणसाने तिच्या मागील पट्टीवरील अंश वाचावेत, डोळ्यांनी अंदाज करू नये. होकायंत्रही ट्रॉलीपासून दूर उभे राहून पाहावे, नाहीतर लोखंड सुईला ओढते. लिंबाच्या वा चिंचेच्या छायेत मुक्काम पडला की वृद्धांना सुख होते आणि छत्रीला आकाश मिळत नाही. अशा वेळी लांब केबल सोडून छत्री मोकळ्यात लावणे हाच उपाय. चालताना संच उभाच ठेवून गोधड्यांत गुंडाळीत असू. पडदा आडवा टाकला तर खड्ड्याच्या एका हिसक्याने तडकतो.

पंढरपुरास ६५ एकरात, ज्याला भक्तिसागर म्हणतात, दिंडीला जागा मिळाली होती. दशमीच्या रात्री पाऊस लागला. जोराच्या पावसात उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी वाटेतच शोषल्या जातात आणि पडदा कोरा पडतो. हा निसर्गाचा नियम आहे, त्यावर कोणत्याही महागड्या छत्रीने पूर्ण मात करता येत नाही. मी आकाशवाणीचा ट्रान्झिस्टर जवळ ठेवला होता, निदान शब्द तरी कानी पडावेत म्हणून. मध्यरात्रीनंतर सरी ओसरल्या, आणि रात्री अडीचच्या सुमारास पडद्यावर गाभारा दिसू लागला. मुख्यमंत्री सपत्नीक बसले होते, शेजारी दर्शनबारीतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य होते, आणि मूर्तीवर दुधाची धार पडत होती. आमच्या ट्रॉलीतील वृद्ध तर होतेच, शेजारच्या तीन दिंड्यांतील म्हाताऱ्याही ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसल्या होत्या. आई पडद्याकडे हात जोडून म्हणाली, "एवढं जवळून तर मला चालतानाबी कधी दिसलं नव्हतं."

हे दर्शन नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, आणि याबाबत मी परंपरेचाच आधार घेतो. पायांवर डोके ठेवणे हे पददर्शन. तेवढा अवसर नसेल त्याला दुरून मुखदर्शन. तेही न घडेल त्याने महाद्वारी नामदेव पायरीला हात लावावा. आणि गर्दीत तेथवरही पोहोचता आले नाही तर कळसाकडे पाहून हात जोडावेत. ज्यांच्या नावाची ती पायरी आहे ते नामदेव महाराज परंपरेने आमच्याच बाजूच्या नरसीचे. दुबळ्यांसाठी पायऱ्या करणे हा या संप्रदायाचा जुना धर्म आहे, आणि पडदा त्यांतीलच एक पायरी म्हणून मला स्वीकारार्ह वाटतो, जोवर धडधाकट माणूस तिच्यावर बसून राहत नाही. महाराजांनीही पूजेच्या अखेरीस संच स्वतःच्या हाताने झाकला, आणि पुढच्या वर्षी तो आणावा की नाही हे विचारण्याची गरज उरली नाही.

द्वादशीला हदगावकडच्या एका दिंडीचे चालक माझ्याकडे आले. त्यांच्याही ट्रॉलीत न चालणारी माणसे होती. त्यांना मी वहीचे पान फाडून संचाचे माप, बारा व्होल्टची अट, तारेची जाडी, फ्यूजची जागा आणि बॅटरीच्या अर्ध्या वापराचा नियम लिहून दिला, आणि शेवटी पंढरपूरचा १३३ हा अंश दोनदा अधोरेखित केला. मोबाईल कोणी, केव्हा आणि किती वेळ लावावेत याचा जाबता मात्र त्यांनी निघण्यापूर्वीच दिंडीत वाचून दाखवावा, असे मी त्यांना तोंडी बजावले.