पाचवं सत्र

परदेशात भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. करायचं ठरलं की पहिलं गणित पैशाचं सोडवावं लागतं. मी जर्मनीत ग्योटिंगेनला गेले. तिथल्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आता वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून ठेवावे लागतात आणि पोचल्यावर त्यातले ९९२ युरो दरमहा हाती येतात. रुपयांत ही रक्कम दहा लाखांच्या पुढे जाते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्राला काही शे युरो भरले की झालं. पण साताऱ्याच्या एका साध्या घराला एवढं उभं करायलाही कर्ज काढावं लागतं, आणि कर्ज काढताना बँक विचारते, शिक्षण पूर्ण कधी होणार? उत्तर छापील असतं. १२० क्रेडिट, चार सत्रं, दोन वर्षं.

हे उत्तर देताना आपण भौतिकशास्त्राला काहीच विचारलेलं नसतं. समजायला लागणारा वेळ ही या विषयाची खरी किंमत आहे, आणि परदेशी विद्यार्थ्याजवळ नेमका तोच सगळ्यांत कमी असतो. मला लिहायचं आहे ते याबद्दल.

तिथे प्रत्येक विषयाला दर आठवड्याला गणितांचा एक कागद मिळतो. तो आठवड्याभरात सोडवून द्यायचा, आणि बहुतेक विषयांत त्यात निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. दोघातिघांनी मिळून सोडवलं तर चालतं. मात्र युबुंगच्या, म्हणजे सरावाच्या, तासाला कुणालाही फळ्यापाशी बोलावतात आणि मग जे लिहाल त्याचं का आणि कसं सांगावं लागतं. एका आठवड्यात बॉर्न-ओपेनहायमर अप्रॉक्सिमेशन होतं. रेणूत इलेक्ट्रॉन हलके आणि केंद्रकं जड. एकटा प्रोटॉनच इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड. म्हणून इलेक्ट्रॉनच्या धावपळीत केंद्रकं जागच्या जागी उभी आहेत असं धरायचं, आधी इलेक्ट्रॉनचं समीकरण सोडवायचं आणि मग केंद्रकांना हलू द्यायचं. बी.एस्सी.पासून मला हे तोंडपाठ होतं. फळ्यावर ते नीट उतरलंही. शिकवणाऱ्या पीएच.डी.च्या मुलीनं मान डोलावली आणि विचारलं, "छान. आता हे चालत नाही कुठे?"

तो प्रश्न कागदावर नव्हता. आमच्या तिघांच्या गटानं पुढचा सगळा आठवडा त्यावर घातला, बाकीची गणितं मागे पडली तरी. रेणूच्या दोन ऊर्जापातळ्या एकमेकींच्या फार जवळ आल्या की हलक्या-जडाची ही फारकत टिकत नाही, केंद्रकांची हालचाल इलेक्ट्रॉनला एका पातळीवरून दुसरीवर ढकलते. आणि हा काही पुस्तकाच्या कोपऱ्यातला अपवाद नाही. आपल्या डोळ्यात प्रकाश शिरतो तेव्हा रेटिनलचा रेणू सुमारे २०० फेमटोसेकंदांत वळतो, तो अशाच जागेतून जातो. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. अप्रॉक्सिमेशन जिथे मोडतं तिथून आपलं दिसणं सुरू होतं, हे कळलं त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला होता की खोलीवर जाववेना. त्या आठवड्याचे गुण कमी आले. तो आठवडा माझ्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा होता असं मी आजही म्हणेन.

ज्या शोधनिबंधातून हे अप्रॉक्सिमेशन आलं तो १९२७ चा, याच गावातला. ओपेनहायमर अमेरिकेतून केंब्रिजमार्गे इथे आलेला परदेशी विद्यार्थी होता. त्यानं विद्यापीठात रीतसर नावनोंदणीच केली नव्हती, त्यामुळे पीएच.डी. अडली. तेव्हा त्याचा प्राध्यापक मॅक्स बॉर्न यानं त्याच्यासाठी मंत्रालयाकडे रदबदली केली, की परिस्थितीमुळे या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रापर्यंत थांबता येणार नाही. ओपेनहायमरच्या घरी पैशाला तोटा नव्हता. पण सत्र वाढणं म्हणजे परदेशी मुलावर काय येतं, हे मंत्रालयाला सांगितलं की समजेल, याची बॉर्नला खात्री असणार.

सहा वर्षांनी ज्यू म्हणून बॉर्नलाच हे गाव सोडावं लागलं. १९३५ च्या हिवाळ्यात तो बंगळूरला आला, सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून, भारतीय विज्ञान संस्थेत. तिथे त्याला कायमची जागा मिळावी अशी रामन यांची धडपड होती. त्या चर्चेत एका इंग्रज प्राध्यापकानं त्याच्या तोंडावर सुनावलं की स्वतःच्या देशानं हाकललेला दुय्यम परदेशी आपल्याला नको. बॉर्न १९३६ मध्ये एडिंबरोला गेला. पुढे १९५४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ग्योटिंगेनच्या स्मशानभूमीत त्याच्या दगडावर कोरलंय ते समीकरण, ज्यात स्थान आणि संवेग यांच्या गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. मी तिथे पुष्कळदा गेले. बंगळूरची ती बैठक आठवली की आजही मला राग येतो. तो माणूस आपल्याकडे राहू शकला असता.

आता आमचं. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे कागद तपासायचे, त्यातून घरभाडं सुटायचं. राहण्याच्या परवान्यावर तारीख असते आणि ती तारीख प्रत्येक निर्णयात येऊन बसते. माझ्या वर्गातला कासेलचा मुलगा एक विषय पटला नाही म्हणून सोडून पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ शकत होता. आमच्यातली कितीतरी हुशार मुलं मात्र विषय निवडताना आधी विचारत, यात पास व्हायला किती वेळ लागतो? त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, हप्ता सुरू होणार असतो. पण यात जे हातचं जातं ते फार मोठं आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाची फी तर आता एम.एस्सी.ला सत्राला ४,००० युरो आणि त्यावर गेली आहे. फी वाढते तेव्हा आधी थांबतं ते असं रेंगाळून शिकणं. फुकट शिक्षण म्हणजे गरिबाला दिलेला वेळ असतो आणि तो वाचवण्यासाठी भांडलं पाहिजे, असं मला वाटतं.

शेवटचं अख्खं वर्ष संशोधनाचं असतं. मी लेझरच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे महिनोन्महिने मुख्य काम एकच, किरण सरळ नेणं. टेबलावर एकामागे एक दोन बारीक भोकं आणि त्यांच्या आधी दोन आरसे. पहिल्या आरशाच्या स्क्रूनं किरण पहिल्या भोकात आणायचा, दुसऱ्या आरशानं दुसऱ्या भोकात. तेवढ्यात पहिल्यातून तो हललेला असतो, म्हणून पुन्हा पहिला. दर फेरीला चूक थोडी कमी होते. किरण अवरक्त, डोळ्यांना दिसत नाही. अंधारात संरक्षक चष्मा लावून एक छोटं कार्ड त्याच्या वाटेत धरायचं आणि कार्डावर उमटलेला ठिपका बघायचा. प्रयोग असा: लेझरचा एक स्पंद रेणूला उत्तेजित करतो, दुसरा थोड्या उशिरानं त्याची अवस्था वाचतो. उशीर आरसा सरकवून आणायचा. आरसा एक मायक्रोमीटर मागे गेला की प्रकाशाची वाट दोननं वाढते आणि सुमारे ६.७ फेमटोसेकंद उशीर होतो.

रात्री घेतलेली मोजमापं दुपारच्यांशी जुळेनात. पोलादाची मीटरभर पट्टी तापमान एका अंशानं वाढलं तरी दहा-बारा मायक्रोमीटर लांबते. आमचं टेबल त्या मानानं बरंच स्थिर होतं, पण आम्ही जे शोधत होतो तेही तेवढंच बारीक होतं. चौथं सत्र संपत आलं होतं. होते ते आलेख 'त्रुटी' असा एक परिच्छेद जोडून छापता आले असते, पासही झाले असते. मी प्राध्यापकांकडे वाढीव सत्रासाठी पत्र मागितलं. त्यांनी दिलं, परवाना वाढला, तपासणीचं काम मी दुप्पट घेतलं.

मग घरी फोन केला. आई आधी हप्त्याबद्दल बोलली, जे बोलणं भागच होतं. बाबांनी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलंय. ते म्हणाले, काय अडलंय ते तर सांग. मी आरसे सांगितले, उशीर सांगितला, पोलाद सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "अगं, पण मग आकडा बदलला तर आरसा हलला की रेणू, हे तुम्ही ओळखता कसं?"

पाचव्या सत्रात मी तेवढंच शोधत होते. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच प्रश्नावर आहे.